कोरड्या ओढ्यात वाजलेला टॅग

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की चहा अर्धा टाकून हसत उठणारा मी पहिला. त्यात सोलापुरात माझं मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान... ब्लूटूथ कुठवर पोचतं हे रोज गिऱ्हाइकांना सांगतो. मधे दोन भिंती आल्या की संपलं!

आमचं गाव माळशिरसकडचं, मेंढरं राखणारं घर. गेल्या वर्षापासून आबांना, म्हणजे वडिलांना, विसर पडायला लागला. स्वतःच्या घराची वाटसुद्धा चुकायचे. म्हणून बटणाएवढा ब्लूटूथ टॅग त्यांच्या करदोड्याला बांधला, तो माझ्या फोनला जोडला; जवळपास गेलं की फोनवरून वाजवून शोधता येतो.

उन्हाळ्यात एका सकाळी आईचा फोन – "आबा कुटंच दिसंनात रं! लवकर ये."

गाडी हाणत गाव गाठलं. दुपारभर माळ पालथा घातला, हाका मारून घसा बसला. वरून ऊन आग ओकतंय, म्हातारा बिनपाण्याचा... मी अक्षरशः रडत होतो. फोनवर एकच ओळ – 'टॅग सापडत नाही'.

कोरड्या ओढ्यापाशी आलो आणि फोन थरथरला. 'टॅग जवळ आहे'! मी टॅग वाजवायचं बटण दाबलं. बाभळीमागून बीप... बीप... धावलो. आबा पडले होते. ओठ सुकलेले, पण जिवंत!

पाणी पाजलं. करदोडा चाचपला, तर टॅग नाहीच.

"आबा, टॅग कुटं हाय?"

"एडक्याच्या गळ्यात बांधला की. मानूस वाट इचारतंय, मुक्या जनावरानं कुणाला इचारायचं?"

आबांना घेऊन घरी आलो. मेंढरांच्या वाड्यात तो एडका रवंथ करत बसलेला, टॅग गळ्यात. आई म्हणाली, "सकाळधरनं हितंच हाय की त्यो."

ओढा घरापासून कोसभर लांब. दुसऱ्या कुणाचा टॅग असेल म्हणाल, तर तो माझ्या फोनवरून वाजत नाही. मग बाभळीमागं वाजलं काय?

हे सगळं आज लिहायचं कारण... परवापासून आबा पुन्हा गायब आहेत. या वेळी टॅग मी करदोड्याला शिवलाय, सेलही नवा घातलाय. पोलिसांत कळवलंय, अख्खं गाव शोधतंय. मी त्याच ओढ्यात फोन घेऊन बसलोय. 'टॅग सापडत नाही'.

त्या दिवशीचा उलगडा मला अजून झालेला नाही, आणि आता तो नकोही आहे. ज्या कुणी तेव्हा वाजवलं, त्याच्या मी पाया पडतो. अजून एकदा वाजवा.