अण्णा आणि इजिप्तमधली हाडं

लढाई संपल्यावर आमच्या घरी मेलेल्या माणसाच्या नावानं पत्र आलं.

तो माणूस माझा थोरला भाऊ. अण्णा.
तो गेल्याच्या सरकारी कागदावर आजची तारीख आहे, म्हणून आज लिहितेय.

आमच्या पिरनवाडीहून लष्कराच्या कॅम्पात चालत जाऊन तो पलटणीत भरती झाला. इजिप्तमध्ये पाय जखमी झाला, म्हणून महिनाभर घरी आला होता.

त्याचा गोरा साहेब लढाईआधी कॉलेजात शिकवायचा. त्यानं सांगितलेल्या एका मासेखाऊ डायनासोरचं अण्णाला वेडच लागलं होतं.

आई मासे साफ करत होती. अण्णा मला म्हणाला,
"मांस फाडणाऱ्याचे दात चपटे, करवतीगत. ह्याचे गोल, सुळ्यागत. निसटता मासा धराय."

साहेबाचा अंदाज असा, की ह्याचे पूर्वज रानात शिकार करायचे. त्यातले काही माशांसाठी नदीकाठाला लागले, आणि लाखो वर्षांत जबडा मगरीसारखा लांबत गेला. पाठीवर माणसाएवढे उंच काटे.

जर्मनांनी ती हाडं इजिप्तच्या वाळवंटातून जर्मनीला नेली होती. तसला सांगाडा जगात तेवढा एकच.

"पाणी लई शांत दिसलं की समज, त्यो हाय तितं."

मी तेव्हा नऊ वर्षांची. वर्षभर ओढ्यात पाय घातला नाही.

जाताना म्हणाला, लढाई संपली की जर्मनीला जाऊन बघून येतो.

मग इटली.
चार पत्रं आली. पाचवं नाही.

लढाई संपली. गावातले बाकीचे परत आले.
एक दिवस इंग्रजी पाकीट आलं. आईनं ते न उघडताच माझ्या हातात दिलं.

मी ते वाचून घ्यायला कॅम्पातल्या मास्तरांकडं पळाले.
इजिप्तनंतर दुसऱ्या पलटणीत गेलेल्या साहेबानं अण्णालाच लिहिलं होतं. तू सुखरूप घरी पोचला असशील. जर्मनीतल्या त्या म्युझियमवर आमचेच बॉम्ब पडले. ती हाडं जळाली. आता नुसती चित्रं उरलीत.

आईला हाडांचं काहीच नव्हतं.
"साहेब त्येला लिवतोय, म्हंजे त्यो हाय. यील."

तिनं गल्लीत साखर वाटली.
मी ती खाल्ली नाही. पत्र परत देताना मास्तरांनी माझ्याकडं बघितलं नव्हतं.

सरकारी कागद पुढच्या महिन्यात आला.

परवा नातीनं मोबाईलवर दाखवलं. पुढं इंग्लंडात त्या डायनासोरच्या एका भाऊबंदाची हाडं सापडली. पोटात माशांचे खवले. साहेबाचा माशांचा अंदाज बरोबर होता.

त्या वेळी साहेबाला उत्तर मीच लिहिलं होतं. पत्ता मास्तरांनी घातला. आत मराठीत एकच ओळ, अण्णा घरी आला नाही.

ती त्याला कुणी वाचून दाखवली का, माहीत नाही.

अण्णा, तुझ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार.