गौरीचे डोळे

मुलाची बँकेतली बदली म्हणून आम्ही जयपुरात दुर्गापुऱ्याला राहत होतो. बाजारात तिकडच्या गणगौर सणाच्या मूर्ती मिळत, पण त्यांचे डोळे बटाट्याएवढे. आपल्या ज्येष्ठा-कनिष्ठांचे मुखवटे तिथे कुठून मिळणार? ते मीच शाडूचे करून रंगवायची, चार मराठी घरांत द्यायची. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण हात बरा होता.

एका वर्षी तो बिघडला. गौरी यायला आठ दिवस उरलेले आणि काढीन तो डोळा रागीट. तीनदा ओल्या फडक्याने पुसला, तिन्ही वेळा माझी मेलेली सासूच बघत होती. हात कायमचा गेला की काय, अशी भीती वाटायला लागली.

सून म्हणाली, "आई, माझ्याबरोबर ध्यानाला चला. मन शांत झालं की हात चालेल."

"आणि पोळ्या?"

"एक दिवस भात खाऊ."

गेले. गल्लीतल्याच एका गच्चीवर वर्ग होता. शिकवणारे म्हणाले, "माताजी, विचार आए तो जाने दीजिए."

"भैयाजी, जाते ही नहीं."

दोन दिवस गुडघे दुखले. तिसऱ्या दिवशी मी घोरले, सून लाजली. चौथ्या दिवशी झोपही येईना, म्हणून डोळे उघडून बसले. सगळे पोट साफ न झाल्यासारखे कपाळ आवळून बसले होते. शेजारी सून. अकरा वर्षं तिला बघत होते, पण नेहमी मी काही सांगत असायची नाहीतर ती उलट उत्तर देत असायची. आज दोघींना काही कामच नव्हतं. भुवया सैल, ओठ टेकलेले. घंटी वाजली. तिने डोळे उघडले, पण अर्धेच. अजून कुणाकडे बघत नव्हती.

घरी आले ती थेट रंगाशी बसले. शिकवल्यासारखा श्वास सोडत पापणी ओढली. एका दमात उतरली. मला देवबीव काही दिसला नाही, पण इतक्या वर्षांत चेहऱ्याकडे नुसतं बघायला तासभर पहिल्यांदाच मिळाला.

सून मुखवट्यासमोर थांबली. "आई, ही माझ्यासारखी दिसते!"

"तोंड मिटलंय म्हणून बरी दिसते. आता बस परत तशीच, कनिष्ठा राहिलीय."