पुलावरचा राक्षस

आठ वर्षं वाट पाहिल्यावर त्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग आम्ही रविवारी दुपारी सुरू केला. पहिला भाग माझ्या बायकोनं, नीलिमानं, एकटीनं संपवला होता. मधल्या काळात तिला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. तिचा उजवा अंगठा अजून जरा उशिरा ऐकतो.

नवं जग सुंदर होतं. गवत वाऱ्यानं लवत होतं, दूरवर पाणी चमकत होतं. मी मात्र तिच्या अंगठ्याकडेच बघत होतो. पुलावरच्या राक्षसानं कुऱ्हाड उगारली, की बटण दाबून बाजूला व्हायचं होतं. ती सहा वेळा मेली.

"एवढंच मी खेळू का?" मी हात पुढे केला.

"हात लावू नकोस."

खेळ सोपा करायचा का, असं पडद्यावर विचारलं गेलं. तिनं 'नाही' निवडलं. जवळच्या माणसाची धडपड नुसती बघत बसवत नाही. मदतीला सरसावताना आपल्याला तिची सुटका हवी असते की स्वतःची, हे मला सांगता आलं नसतं.

सातव्या वेळी कुऱ्हाड दगडावर आपटली; नीलिमा बाजूला सरकली होती. लगेच दुसऱ्या घावानं तिला पाडलं.

"एक घाव तरी चुकवला," ती म्हणाली आणि पुन्हा पुलावर जाऊन उभी राहिली.