फोनवरची तिसरी घंटा

पडदा वर जातो तेव्हा दिसते एक लहानशी खोली. डावीकडे शिवणयंत्र, उजवीकडे तिपाईवर फोन, फोनवर भरतकामाचा रुमाल. यंत्राशी वहिनी, कुरकुरणाऱ्या खुर्चीत मी. वेळ संध्याकाळी सहाची. फोन वाजणार आहे आणि तो कोणीही उचलायचा नाही.

फोन करणार आमचे मास्तर, वहिनींचे यजमान. आमच्या नाटक कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी पडदा ओढला आणि घंटा दिली. टाळ्या आम्ही घेतल्या, दोरी त्यांनी धरली. कंपनी बंद पडली तशी त्यांनी सायकलला दोन पिशव्या बांधल्या आणि परदेश बघायला निघाले. वय त्रेसष्ट.

"अहो, निदान फोन तरी करत जा," वहिनी म्हणाल्या.

"तिकडून बोलायला पैसे पडतात. वाजवायला पडत नाहीत."

मग ठरलं. एक घंटा वाजवून बंद केला, म्हणजे सुखरूप. दोन म्हणजे सायकल किंवा मास्तर, दोघांपैकी एक नादुरुस्त, पण काळजी नको. तिसरी झाली, म्हणजे परत निघाले. इकडून उचलायचा मात्र नाही.

चार महिने एकेक घंटा झाली, मधे नऊ वेळा दोन. वहिनी तिसरीची वाट बघत. सहाला यंत्राचं चाक हाताने धरून ठेवत. अशी वाट एकट्याने बघू नये, म्हणून मीही रोज जाऊन बसायचो.

त्या दिवशी एक झाली. दोन. तीन!

"निघाले!" वहिनी म्हणाल्या.

चौथी वाजली. पाचवी. सहावी.

इथे कंपनीचा एक नियम सांगायला हवा. तिसऱ्या घंटेला पडदा उघडतो. घंटा थांबलीच नाही, तर थिएटरात आग लागली आहे, सगळ्यांनी मुकाट्याने बाहेर पडायचं. मास्तरांनी तशी घंटा एकदाच दिली होती, विंगेतला पडदा पेटला तेव्हा. कोणाला खरचटलंही नाही.

वहिनी उठल्या. मी उठलो. त्यांनी दिवा बंद केला, मी चपला घातल्या आणि आम्ही दोघं रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. आत फोन दमून एकदा थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला.

तेवढ्यात वहिनींची सून कामावरून आली. "बाहेर का उभे?"

"घंटा थांबत नाहीये गं," वहिनी म्हणाल्या.

"अहो आई, तो फोन आहे! बाबांना काही झालं असेल, उचला ना!"

वहिनी धावल्या. आम्हालाही ऐकू यावं असा त्यांनी रिसीव्हर धरला.

"अहो, काय झालं? पडलात का?"

"नाही. ठणठणीत आहे. सकाळीच परत निघालो."

"मग तिसरीला थांबायचं ना!"

"थांबणारच होतो. म्हटलं, आज तुझा आवाज ऐकावा. उचलशील म्हणून वाजवत राहिलो. होतीस कुठे एवढा वेळ?"

"रस्त्यावर. मी आणि भावोजी. घंटा थांबेना म्हणून."

पैसे पडत होते. तरी मास्तर सावकाश म्हणाले, "बरोबर केलंत. ढकलाढकली नाही ना झाली?"