फुटपाथसाठी केलेला अर्ज

वाचनालयातल्या मंडळींनो, आज सकाळी लोणावळ्याच्या बाजारात जे घडले ते फळ्यावर लावतो आहे. वर्तमानपत्राकडे वळण्याआधी एवढे वाचा.

गेल्या महिन्यात मानवजातीवर मोठे संकट कोसळले होते. नव्या फुटपाथवर एका मोळीचा धक्का लागून माझी टोपी गटारात पडली. मी अर्ज लिहिला, तुम्ही सगळ्यांनी सह्या ठोकल्या. म्युनिसिपालिटीने कधी नव्हे ती तत्परता दाखवून पाटी लावली : ‘डोक्यावर ओझे घेऊन फुटपाथवरून चालू नये.’

तेव्हापासून कुसगावच्या मोळीवाल्या बाया मोटारींमधून वाट काढतात. आज एक मोटार त्यांच्यातल्या सगुणामावशीला उडवून न थांबता निघून गेली. मावशीचा पाय घोट्यापाशी मोडला.

मी धावलो. वर शहाणपणाही केला, “मावशी, कडेनं चालायचं ना!”

“कड तर तुमी घ्येतली न्हवं, भाऊ,” ती कण्हत म्हणाली. “आमी कुटं चालावं, ते बी लिवा की कागदावर.”

तिला टांग्यातून दवाखान्यात पोचवले आणि पाटी काढा म्हणायला कचेरीत गेलो. कारकून हसला. “तुमच्याच अर्जावर ठराव झालाय, साहेब. लोक खूश आहेत.”

लोक म्हणजे आपण. पाटी काही आता निघत नाही.

पायी चालणाऱ्यांसाठी जागा मागताना, गावात सगळ्यात जास्त पायी कोण चालते, हे आपल्यापैकी एकाच्या तरी मनात आले होते का?

परतलो तेव्हा मावशीची लाकडे रस्त्यात तशीच विखुरलेली होती. गोळा करून बांधली, डोक्यावर घेतली आणि मोटारींमधून चालत तिच्या ठरलेल्या बंगल्यावर टाकून आलो.