वाल्चेर्रांचा दांडा

सांते वाल्चेर्रा गवंडी होता, आणि त्याच्यासारखा दगड लावणारा माणूस आमच्या डोंगरात दुसरा नव्हता. हे मी, झेलिंदा भट्टीवाली, सांगतेय. माझ्या पावाच्या भट्टीची कमान त्यानंच बांधली. एकोणीस वर्षं झाली, एक चीर गेलेली नाही!

वाल्चेर्रा म्हणजे आमच्या गावच्या काउंटांचं आडनाव. सांतेचंही तेच, पण रक्ताचं नातं नाही. त्याचा पणजोबा मठाच्या भिंतीतल्या फिरत्या चक्रात सापडलेला. ज्यांना पोर सांभाळणं जमत नसे त्या आया ते चक्रात ठेवून निघून जायच्या, आणि नन आतून चक्र फिरवून त्याला उचलून घ्यायच्या. गावच्या संताच्या, सान रोक्कोच्या, सणाला सापडलेल्या पोराला काउंटांचं आडनाव द्यायचं, ही आमची जुनी रीत. सांतेनं हे कधी लपवलं नाही. "महालातले ते, चक्रातले आम्ही," म्हणायचा आणि वाइनचा घोट घ्यायचा.

त्या हिवाळ्यात शेवटचे काउंट वारले. मूलबाळ नाही. मागे फक्त त्यांची ऐंशी वर्षांची बहीण, काउंटेस ओर्तेन्सिया. आमच्या वरच्या आळीत दारोदारी एकच चिंता. सान रोक्कोच्या मिरवणुकीत मूर्तीवरच्या छत्राचा पुढचा दांडा वाल्चेर्रा पुरुषानंच धरायचा, आणि चक्रातल्यांना त्यात आजवर कोणी धरलं नव्हतं. चर्चच्या पायरीवरून नाव तीनदा पुकारतात. कोणी 'हजर' म्हटलं नाही, तर दांडा कायमचा खालच्या आळीकडे. तिथला उलिसे खाटीक तर नवा कोट शिवून तयारच होता, मेला!

सणाच्या आदल्या सकाळी मी सांतेकडे पाव द्यायला गेले, तर अंगणात साक्षात काउंटेसबाई.

"सांते, हा कागद ठेव. तुझा पणजोबा माझ्या आजोबांचा लपवलेला मुलगा होता, असं लिहून मी सही केलीय."

"खरंय का ते?"

"आता कोण विचारतंय?"

"मी विचारतोय की, बाईसाहेब." त्यानं कागदाची घडी घालून परत दिली. "त्या लेकराचा बाप कोण, मला ठाऊक नाही. एका दांड्यासाठी त्याच्या माथी खोटा बाप मारू? नाही जमायचं."

मी कपाळावर हात मारून घेतला. आळीची अब्रू टांगणीला लागलीय, आणि ह्याला नेमकं आत्ताच संत व्हायचंय!

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा पायरीवर उभे राहिले. "वाल्चेर्रा!"

सांते माझ्या शेजारी टोपी चुरगाळत उभा.

"वाल्चेर्रा!"

उलिसेनं बाह्या सावरल्या. मला रडू फुटायचंच बाकी होतं. इतक्यात काउंटेसबाई खेकसल्या, "अरे सांते, बहिरा झालास का? तुझं नाव घेतायत!"

तिसरी हाक आली.

"हजर!"

"अहो, हा तर चक्रातला!" उलिसे ओरडला.

"चक्रातलाच!" सांतेचा आवाज चढला. "नाव दिलेलं आहे, चोरलेलं नाही. चार पिढ्या वापरलं, डाग लागू दिला नाही. गावातल्या निम्म्या भिंती ह्याच नावाच्या माणसांनी उभ्या केल्यात. तुझ्या दुकानाचीसुद्धा!"

लोक हसले. काउंटेसबाई काठी टेकत पुढे आल्या.

"आणि आमच्या घराण्याचा पहिला पुरुष मात्तेओ तरी कोण होता, उलिसे? वाल्चेर्राच्या दरीतून किल्ल्याची भिंत बांधायला आलेला गवंडी. दरीचं नाव गावानंच त्याला चिकटवलं. चर्चच्या वहीत त्याच्या बापाची जागा आजही कोरी आहे. चारशे वर्षं आम्ही ते पान लपवलं, आणि काल मी ह्या माणसाच्या दारी खोटा कागद घेऊन गेले. लाज वाटते मला."

पाद्रीबाबांनी मान डोलावली. ते पान त्यांनी पाहिलेलं असणार. उलिसेनं कोटाची बटणं सोडली आणि मुकाट्यानं मागचा दांडा धरला.

सांतेनं हातावरची चुन्याची पूड विजारीला पुसली. अभिमानानं माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू! चारशे वर्षांनी तो दांडा पुन्हा गवंड्याच्या हातात गेला.