उजवा कौल मिळाल्यावरही

माझा स्वभाव मुळातच घायकुतीचा. देवाकडे काही मागितलं की उत्तर उभ्या उभ्या हवं, आणि तेही माझ्या मनासारखं. त्यामुळे यांच्या डोक्यात गाठ निघाली त्या आठवड्यात माझी देवीवर श्रद्धा होती की निव्वळ भीती, हे आजही मला सांगता येणार नाही. महिनाभर यांना सकाळी उलट्या व्हायच्या, चालताना तोल जायचा, आणि मी पित्त समजून आवळासुपारी देत होते! सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यातल्या एकीत गाठ आहे आणि तिच्यामुळे पाणी अडतंय, म्हणाले. कसली गाठ, ते काढल्याशिवाय कळणार नाही. उद्या सकाळी दाखल व्हा, थांबू नका.

दुसऱ्या दिवशी मलकापूरहून धाकट्या भावाच्या गाडीतून निघालो, पण वाटेत मी गाडी माहेरच्या गावाकडे वळवायला लावली. आमच्यात कौल घेतल्याशिवाय मोठं काम करत नाहीत. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "आक्का, डॉक्टर थांबू नका म्हणालाय न्हवं?" भाऊ कुरकुरला. दहा मिनिटांत येते म्हणून मी देवळात गेले.

ऑपरेशन करू का, असं विचारलं आणि उजवी कळी लगेच पडली. तिथंच हात जोडून निघायला हवं होतं. पण खरं सांगते, मला नकार हवा होता. यांची कवटी उघडणार हेच मला पटत नव्हतं. मग विचारलं, थोडे दिवस औषधावर काढू का? डावी. पुण्याला नेऊ का? डावी. अमावस्या झाल्यावर करू का? आता कळी हलेचना. मी तशीच बसून राहिले. तासभर गेला असेल. शेवटी गुरव वैतागला. "आवं ताई, देवीनं पैल्यांदाच सांगितलं की. आता तुमीच तिला पढवाय लागलाय." लाज वाटली, पण उठवेना.

माझ्यामागे एक बाई ओटीचं सामान घेऊन कौलासाठी थांबली होती. मधे चूळ भरायला म्हणून ती बाहेर गेली आणि धावतच परत आली. "भाईर गाडीत तुमचं मालक हायती न्हवं? पाणी मागत्यात, पर तांब्या धरवंना त्यांस्नी. मला बगून 'आई' म्हणत्यात. उठा आदी!" भाऊ डॉक्टरांना फोन लावायला रस्त्यापर्यंत गेला होता. मी गाडीपाशी पोचेपर्यंत तिनं यांचं डोकं मांडीवर घेतलंसुद्धा होतं. ती तशीच सांगलीपर्यंत आली. वाटेत मी नवसावर नवस बोलत होते. ती म्हणाली, "तिच्यावर सोडलंय न्हवं? मग सोडा की. सारकं वडून कशाला घेताय?"

यांना आत नेल्याबरोबर डोक्यातलं पाणी काढलं आणि दोन दिवसांनी गाठ. नसेच्या आवरणाची साधी गाठ निघाली, कॅन्सर नव्हे. मेंदूच्या पोकळीत ती क्वचितच सापडते, डॉक्टरही पहिल्यांदाच पाहत होते. वेळेत आणलंत, म्हणाले, तेव्हा मला मान वर करता येईना. हे आता व्यवस्थित हिंडतात-फिरतात आणि मला चिडवतात, "एवढी दुर्मिळ चीज माझ्या डोक्यात होती, तुला कधी किंमतच नव्हती!"

ती बाई मात्र त्या गडबडीत कधी निघून गेली, कळलं नाही. मी नावही विचारलं नव्हतं. पुढे देवीला गेले तेव्हा गुरव म्हणाला, ती या गावची नव्हे, पुन्हा आलीही नाही. म्हणजे तिचा कौल राहिला तो राहिलाच. माझं एकच विचारणं मी चार तऱ्हांनी धरून बसले होते आणि तिनं आपलं विचारणं एका क्षणात टाकून दिलं. सोडणं म्हणजे काय, ते मला तिच्याकडून कळलं.

आता मी कौल लावत नाही. हात जोडते आणि म्हणते, आई, त्या बाईला काय विचारायचं होतं ते मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे. तिचं तेवढं कर.